पुस्तक कपाटात ठेवू नका, आधी हरकत कागदावर घ्या

प्रश्न थोडक्यात असा. कर्नाटकच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली सरकारी मराठी शाळा, पहिली ते सातवी. तिसरीतल्या एका मुलीनं घरी नेलेल्या चित्रपुस्तकात गावच्या यात्रेची गोष्ट आहे. एका पानावर दावणीला बोकड बांधलेला आहे, दुसऱ्या पानावर चुलीवर मटणाचं पातेलं. घर माळकरी. वडील पुस्तक घेऊन शाळेत आले आणि म्हणाले, "हे पुस्तक शाळेत नको." एसडीएमसीचे, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीचे, एक सदस्य म्हणतात, कशाला वाद वाढवता, गुपचूप कपाटात ठेवून द्या. तोवर कुणीतरी त्या पानाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ग्रंथालयाचा भार सांभाळणाऱ्या बाई विचारतात, आता काय करू, आणि पुढं असं झालं तर काय करायचं?

बाई, पुस्तक कपाटात ठेवू नका. वडिलांना परतही पाठवू नका. त्यांच्या मुलीला आजच दुसरं पुस्तक द्या आणि त्यांची हरकत कागदावर घ्या. बाकीच्या मुलांनी हे पुस्तक वाचावं की नाही, हे चार-पाच जणांनी ते पूर्ण वाचून, ठरलेल्या मुदतीत ठरवू द्या. एक पालक आपल्या मुलापुरता निर्णय घेऊ शकतो. दुसऱ्यांच्या मुलांचा निर्णय तो एकटा घेऊ शकत नाही, आणि शाळेनंही तो घाबरून घेऊ नये.

सुरुवात पहिल्या दहा मिनिटांपासून करू, कारण बहुतेक प्रकरणं तिथंच मिटतात किंवा तिथंच बिघडतात. पालक आले की त्यांना वर्गाच्या दारात उभं ठेवून बोलू नका. ऑफिसात बसवा, पाणी द्या, वही उघडा. त्या वेळी पुस्तकाची बाजू मांडायला जाऊ नका. "अहो, त्यात काय एवढं?" या एका वाक्यानं साधी विनंती भांडण होते. तसंच "काढून टाकतो, काळजी करू नका" असंही म्हणू नका. हे आश्वासन तुमच्या अधिकारातलं नाही, आणि एकदा दिलं की मागं घेता येत नाही. फक्त विचारा. कोणतं पान? मुलीनं घरी काय सांगितलं, काय विचारलं? पुस्तक पूर्ण पाहिलंत का? आणि तुमची इच्छा नेमकी काय, तुमच्या मुलीला हे मिळू नये की कुणालाच मिळू नये?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तो सरळ विचारला की बरेच पालक थोडं थांबून म्हणतात, "आमच्या पोरीला नको, एवढंच." मग काम संपलं. तिच्या देवघेव कार्डावर नोंद करा, दुसरं पुस्तक द्या, दैनंदिनीत दोन ओळी लिहा. तोंडी मिटलेल्या प्रकरणाचीही तारीख, दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) आणि काय ठरलं, एवढं लिहिलंच पाहिजे. सहा महिन्यांनी तेच पुस्तक दुसऱ्या घरातून परत आलं तर ही नोंद उपयोगी पडते.

"पुस्तक पूर्ण वाचलंत का" हे वकिलासारखं विचारू नका. चित्रपुस्तक बहुधा १६ किंवा २४ पानांचं असतं. "आपण दोघं मिळून एकदा वाचूया का?" असं म्हणून मोठ्यानं वाचा. दहा मिनिटं लागतात. सुटं पान पाहून आलेला राग गोष्ट ऐकल्यावर कधी उतरतो, कधी उतरत नाही. उतरला नाही तरी पुढचं बोलणं पुस्तकावर होतं, फोटोवर होत नाही.

वडील कुणालाच नको या मतावर ठाम राहिले तर अर्ज द्या. एका पानाचा, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. त्यात सात गोष्टी पुरतात: पुस्तकाचं नाव आणि दाखल क्रमांक, ते कुठून कळलं, पूर्ण वाचलं की काही भाग, कोणत्या पानावर हरकत, हरकतीचं कारण स्वतःच्या शब्दांत, मुलांवर काय परिणाम होईल असं वाटतं, आणि शाळेनं काय करावं. खाली नाव, मुलाची इयत्ता, सही, तारीख. लिहिता न येणाऱ्या पालकासाठी शिक्षकानं त्यांच्या बोलीत जसंच्या तसं लिहावं, मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मग सही किंवा अंगठा घ्यावा. "नीट भाषेत" लिहायच्या नादात अर्थ बदलतो, मग पालक म्हणतात, मी असं बोललोच नव्हतो. अर्जाची पोच त्याच दिवशी सही-शिक्क्यासह द्या. पोच हातात पडली की माणूस निम्मा शांत होतो.

अशा लेखी अर्जाची पद्धत अमेरिकेतल्या शालेय ग्रंथालयांत चांगली रुळलेली आहे. तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं १९३९ साली ग्रंथालय-हक्कांची सनद स्वीकारली. १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकं काढल्याचा खटला आला. न्यायाधीशांत एकमत नव्हतं, पण मुख्य मतपत्राचा सूर असा होता की पुस्तकातले विचार आवडत नाहीत एवढ्याच कारणावरून शाळा मंडळानं ती काढू नयेत. तो निकाल आपल्याला लागू नाही, आणि तिथला प्रशिक्षित शालेय ग्रंथपालही आपल्याकडं नाही. आपल्याकडं ग्रंथालय म्हणजे एका शिक्षकावरचा जादा भार. तरी अर्ज, मुदत आणि पूर्ण वाचन या तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत, त्यांना पैसे लागत नाहीत.

आता "कपाटात ठेवा" या सल्ल्याबद्दल. तो देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण तो नेहमी उलटतो. कपाटात ठेवलेल्या पुस्तकाला परत यायची तारीख नसते. ते कुणी ठेवलं, का ठेवलं, याचा कागद नसतो. तपासणीच्या वेळी दाखल नोंदवहीत पुस्तक आहे आणि फळीवर नाही, याचं उत्तर भार असलेल्या शिक्षकालाच द्यावं लागतं. बातमी फुटली की "शाळेनं चूक कबूल केली" असा अर्थ काढला जातो. आणि गावात समजतं की या शाळेतून पुस्तक काढायला फक्त येऊन रागावणं पुरतं. पुढचा माणूस मग अर्जही भरत नाही.

म्हणून निर्णय होईपर्यंत पुस्तक फळीवर राहतं. अडचण एकच, शाळेत प्रत सहसा एकच असते आणि समितीला ती वाचायची असते. तेव्हा फळीवर त्या जागी कार्ड ठेवा: "वाचन समितीकडे, परत येण्याची तारीख अमुक." हे लपवणं नव्हे, ही देवघेवच आहे. शक्य असेल तर दुसरी प्रत विकत घ्या. मुलांची बहुतेक चित्रपुस्तकं स्वस्त असतात.

काही पुस्तकं मात्र त्याच दिवशी बाजूला काढायची असतात, समितीची वाट न पाहता. सरकारी अधिसूचनेनं जप्त ठरवलेलं पुस्तक. लहान मुलांच्या फळीवर चुकून आलेलं उघड प्रौढांचं पुस्तक. देशाची बाह्य सीमा चुकीची दाखवणारा नकाशा असलेलं पुस्तक, कारण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा वेळी दैनंदिनीत कारण आणि तारीख लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या. एक फरक लक्षात ठेवा. कायद्यानं पुस्तक जप्त करायचा अधिकार राज्य सरकारचा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९८ व्या कलमात तो आहे, आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं. ग्रामपंचायत, संघटना किंवा एखादा पुढारी "यावर बंदी आहे" म्हणाला तर अधिसूचनेची प्रत नम्रपणे मागा.

समिती पाच जणांची पुरे. मुख्याध्यापक, एक भाषाशिक्षक, एसडीएमसीतले दोन पालक आणि शाळेबाहेरची एक वाचणारी व्यक्ती. दोन पालकांत एक आई असावी. बाहेरची व्यक्ती म्हणून गावातल्या निवृत्त गुरुजी-बाई किंवा वाचनालय चालवणारे कुणी चालतात. ग्रंथालयाच्या बाई कागद मांडतात, टिपण लिहितात, मत देत नाहीत, कारण पुस्तक निवडलं त्यांनीच. दोन शिक्षकी शाळेत एवढी माणसं मिळत नाहीत. तिथं सीआरपींना, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचं (क्लस्टरचं) काम पाहणाऱ्या साधनव्यक्तींना, सांगून शेजारच्या शाळेचे एक शिक्षक मागवा. अख्ख्या एसडीएमसीपुढं पुस्तक ठेवू नका. कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, ही चांगली गोष्ट आहे, पण मोठ्या बैठकीत पुस्तक कुणी वाचून येत नाही आणि हात वर करून निकाल लागतो. एसडीएमसीनं पद्धत मंजूर करावी, एकेका पुस्तकावर मतदान करू नये.

मुदत कामाच्या दिवसांत मोजा. अर्जानंतर ३ दिवसांत समितीला प्रत, १५ दिवसांत निर्णय, निर्णयानंतर ७ दिवसांत पालकांना तालुक्याच्या क्षेत्रशिक्षणाधिकाऱ्यांकडं दाद मागता यावी. एप्रिलच्या सुट्टीच्या तोंडावर अर्ज आला तर तसं लेखी कळवा, नाहीतर जूनमध्ये "दोन महिने दाबून ठेवलं" हा दुसरा आरोप सुरू होतो. एकदा निर्णय झालेलं पुस्तक त्याच कारणानं दोन वर्षं परत समितीपुढं येणार नाही, हेही पद्धतीत लिहा.

बैठकीत पालकांना दहा मिनिटं बोलू द्या, मग त्यांनी बाहेर थांबावं. प्रत्येक सदस्यानं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आहे, याची सही टिपणावर घ्या. ज्यानं वाचलं नाही त्यानं मत देऊ नये. या नियमात सूट नको. सूट दिलीत की समिती म्हणजे फोटो पाहून बोलणारी आणखी पाच माणसं होतात.

समितीपुढं प्रश्न "आपल्याला आवडलं का" हा नसतो. विचारायचं ते असं: हे कोणत्या वयासाठी लिहिलंय आणि आपण कोणत्या फळीवर ठेवलंय? हरकतीचा भाग गोष्टीत कशासाठी येतो? माहिती बरोबर आहे का? गोष्ट कुणाला हिणवते का, की हिणवणाऱ्याला उघडं पाडते? हे पुस्तक गेलं तर आपल्या ग्रंथालयातून कोणत्या मुलांचं घर, भाषा किंवा जगणं नाहीसं होतं?

निर्णय चारच प्रकारचे. आहे तिथं राहील. वरच्या इयत्तांच्या फळीवर जाईल. राहील, पण अमुक मुलाला पालकांच्या विनंतीवरून दिलं जाणार नाही. काढलं जाईल. दुसऱ्या प्रकारात एक खोड आहे. भांडण टाळायला सगळंच सातवीच्या फळीवर ढकललं जातं, आणि तिसरीसाठी लिहिलेलं पुस्तक तिथं कुणी हातात घेत नाही. जागा बदलायची तर वाचनपातळीच्या कारणानं बदला. नली-कली या कर्नाटकातल्या खेळत शिकण्याच्या पद्धतीत पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसतात, त्यामुळं "तिसरीचं पुस्तक पहिलीच्या हातात गेलं" ही हरकत खरी असू शकते. त्यावर उपाय पाठीवर रंगीत पट्टी हा आहे, कपाट नव्हे.

तुमच्या प्रकरणात टिपण साधारण असं होईल: "दाखल क्रमांक अमुक. समितीच्या पाचही सदस्यांनी पुस्तक पूर्ण वाचले. पुस्तकात गावच्या यात्रेचे वर्णन असून मांसाहाराचे चित्र त्या वर्णनाचा भाग आहे. मांसाहार करावा असा उपदेश किंवा न करणाऱ्यांची चेष्टा पुस्तकात नाही. परिसरातील अनेक मुलांच्या घरी यात्रा अशीच होते. अर्जदारांच्या घरची रीत वेगळी असून तिचा आदर राखून त्यांच्या पाल्यास हे पुस्तक देऊ नये. पुस्तक आहे त्या फळीवर ठेवावे. माळकरी घरांतील वारी, एकादशी, भजन यांवरील मुलांची पुस्तके कमी असल्याचे निदर्शनास आले असून पुढील खरेदीत ती घ्यावीत." शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. हरकत घेणाऱ्या घराचं जगणंही फळीवर असलं पाहिजे. बहुतेक हरकतींच्या तळाशी "आमचं कुठं आहे?" हा प्रश्न असतो.

सीमाभागात कोणत्या हरकती येतात आणि त्या कशा पाहायच्या, ते सविस्तर लिहितो, कारण इथं पुस्तकाची तक्रार एका दिवसात भाषेची तक्रार होऊ शकते.

नकाशा आणि गावांची नावं. जुन्या पुस्तकात बेळगाव मुंबई राज्यात दाखवलेलं असेल तर ते चूक नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तसंच होतं. पुस्तक काढू नका, आतल्या पानावर चिठ्ठी चिकटवा: "हा नकाशा १९५६ पूर्वीचा आहे." आजचा राज्यनकाशा म्हणून चुकीचा छापलेला असेल तर ती मात्र माहितीतली चूक समजा. चिठ्ठी लावा किंवा बदली प्रत घ्या. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल प्राथमिक शाळेच्या फळीवर लागायचा नाही. नावाबद्दल साधी रीत ठेवा. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी आहे, ते कार्यालयीन पत्रात वापरा. गोष्टीच्या पुस्तकात लेखकानं जे लिहिलं ते तसंच राहू दे, खोडरबर आणि पेन घेऊन दुरुस्त्या करू नका.

थोर माणसं. शिवाजी महाराजांवर चार पुस्तकं आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मांवर एकही नाही, अशी फळी हरकतीला आमंत्रण देते, आणि ती हरकत रास्त असते. खानापूर तालुक्यातल्या मुलाला नंदगड माहीत असतं. तिथं १८३१ साली चन्नम्मांच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिली गेली, ही गोष्ट त्याला मराठीत वाचायला मिळायला हवी. कुणी एक पुस्तक काढा म्हटलं तर ते न काढता दुसरं आणा. बसवेश्वर, तुकाराम, कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफ एका फळीवर सुखानं राहतात.

कन्नड पुस्तकं. मराठी शाळेत एवढी कन्नड पुस्तकं कशाला, असं पालक विचारतात, तर कधी एखादा पाहुणा अधिकारी उलट विचारतो, महाराष्ट्रातल्या प्रकाशनांची पुस्तकं कशाला. दोघांनाही आकडे दाखवा: एकूण किती, मराठी किती, कन्नड किती, अनुदानातून किती, देणगीतून किती. मुलांना कन्नड विषय आहेच, तेव्हा सोपी कन्नड चित्रपुस्तकं त्यांच्याच कामाची आहेत. आणि मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय हा घटनेच्या ३५० अ कलमाचा विषय आहे, तेव्हा मराठी शाळेत मराठी पुस्तकं असण्याबद्दल कुणाची क्षमा मागायची गरज नाही. नोंदवहीत भाषेचा एक रकाना आखला की हे उत्तर दोन मिनिटांत देता येतं.

बोली. "काय करालास", "काय गा" असं पुस्तकात छापलेलं दिसलं की शिकलेले पालक म्हणतात, पोरांची भाषा बिघडेल. ही हरकत मानू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरची बोली छापलेली दिसली की वाचायला घाबरणारं मूल पुढं सरकतं. शिवी हा वेगळा विषय. ती गोष्टीत कशासाठी आहे ते पाहा, आणि पहिली-दुसरीच्या फळीवर ती नको.

जातीची नावं. इथं हरकत घेणारा बरेचदा बरोबर असतो. जुन्या बालकथांत जातीचं नाव शिवीसारखं किंवा मूर्खपणाची खूण म्हणून येतं. ज्या मुलाला वर्गात त्या शब्दानं हाक मारली जाते त्याला ते पुस्तक रोज टोचतं. "जुनं आहे, अभिजात आहे" हे उत्तर आठ वर्षांच्या मुलापुढं टिकत नाही. अशी पुस्तकं मुलांच्या खुल्या फळीवरून काढा आणि कारण लिहा. पण जातीच्या अपमानाविरुद्ध लिहिलेलं पुस्तक त्याच शब्दासाठी काढा अशी मागणी आली तर ते ठेवा. शब्द तोच असला तरी दोन्ही पुस्तकांचं काम उलटं आहे, आणि हा फरक फक्त पूर्ण वाचणाऱ्याला दिसतो.

अंगाविषयीची पुस्तकं. मासिक पाळी, चांगला-वाईट स्पर्श. लाज वाटते म्हणून ही काढायची नाहीत. पाळीवरचं पुस्तक सहावी-सातवीच्या फळीवर ठेवा, आणि ते नाव न लिहिता वाचनाच्या तासाला तिथंच बसून वाचायची मुभा द्या. स्पर्शावरच्या पुस्तकाला कुणी फारच जोरात विरोध करत असेल तर घाईनं निष्कर्ष काढू नका, पण मूल काही सांगतंय का इकडं लक्ष ठेवा. मुलानं अत्याचाराचं काही सांगितलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथं वाचन समितीचा संबंध नाही.

भुतं, करणी, अंगात येणं याबद्दल थोडक्यात: भुताची गोष्ट ही गोष्ट आहे, राहू द्या. करणी उतरवायचे उपाय खरे म्हणून सांगणारं पुस्तक मात्र मुलांच्या ग्रंथालयात नको.

हरकत क्षेत्रशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत गेली तर सीमाभागातला सर्वांत मोठा धोका असतो भाषांतराचा. अधिकाऱ्यांना मराठी येतच असेल असं नाही. तक्रारदार फक्त हरकतीच्या चार ओळींचं कन्नड करून देतो आणि पुस्तकाचा निकाल त्या चार ओळींवर लागतो. दोन्ही भाषांत दिसणारे सारखे शब्दही फसवतात. मराठीत "अनुमान काढलं" म्हणजे तर्क केला, कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. आपल्याकडं प्रपंच म्हणजे घरसंसार, तिकडं प्रपंच म्हणजे जग. म्हणून शाळेनं आपला कन्नड गोषवारा स्वतः जोडावा: अख्ख्या गोष्टीचा दहा ओळींत सारांश, हरकतीच्या पानाचं आणि त्याच्या मागच्या-पुढच्या पानांचं पूर्ण भाषांतर, आणि समितीचा निर्णय. शाळेतल्या कन्नड शिक्षकांकडून करून घ्या, खाली त्यांची सही असू द्या. मूळ पुस्तक पाठवावं लागलं तर पोच घेऊन पाठवा, नाहीतर ते परत येत नाही.

माणसं जमून शाळेत आली तर बोलायचं फक्त मुख्याध्यापकांनी. भेटवहीत नावं घ्या, दोघांना ऑफिसात बोलवा, बाकीच्यांना वर्गाकडं जाऊ देऊ नका. त्यांच्या हातात पुस्तक किंवा ग्रंथालयाची किल्ली देऊ नका. "लेखी अर्ज आला आहे, समिती वाचते आहे, अमुक तारखेला निर्णय होईल" ही तीन वाक्यं पुरतात, पत्रकारांनाही हीच सांगा. सरकारी शिक्षकांना वर्तन नियम लागू असतात, त्यामुळं मुलाखत देणं किंवा फेसबुकवर मत लिहिणं टाळा. त्याच दिवशी क्षेत्रशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. दमदाटी झाली तर ११२ ला फोन करा. अर्जदार पालकांचं आणि मुलाचं नाव बाहेर कुणालाही सांगायचं नाही, शिक्षकांच्या खोलीतसुद्धा नाही.

पुढच्या वेळेची तयारी खरेदीपासून सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टीची पुस्तकं असावीत असं म्हटलंय, आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ ते २० हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. निवड कशी करतो हे एका पानावर लिहून एसडीएमसीच्या ठरावानं मंजूर करून घ्या. ते पान वादाआधी मंजूर झालेलं असेल तर ढाल होतं, वादानंतर केलं तर सारवासारव वाटतं.

घोळ बहुतेक वेळा देणगीतून येतो. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांनंतर, कुणाच्या वाढदिवसाला, शहरातलं घर रिकामं करताना पुस्तकांचे गठ्ठे शाळेत येतात. त्यात प्रौढांच्या कादंबऱ्या, प्रचारपुस्तिका, जुन्या मार्गदर्शिका सगळं असतं, आणि देणाऱ्याचं मन राखायला सगळ्यावर शिक्का मारला जातो. नियम असा ठेवा: गठ्ठा स्वीकारताना "निवडक पुस्तकं दाखल करू, उरलेली वाचनालयाला देऊ" असं पोचपावतीवरच लिहा. प्रत्येक पुस्तक एका शिक्षकानं पूर्ण वाचून आतल्या पानावर पेन्सिलनं पातळी आणि आपली आद्याक्षरं लिहायची, मगच दाखल क्रमांक आणि शिक्का. शिक्का पडला की ते शाळेचं झालं, मग काढायला निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून पुस्तक कमी करण्याची, सगळी कागदपत्रं लागतात.

आता उद्याचं काम. ग्रुपवर मुख्याध्यापकांकडून एवढाच निरोप जाऊ द्या: "ग्रंथालयातील एका पुस्तकाबाबत विनंती आली आहे. शाळेच्या पद्धतीनुसार समिती ते वाचून निर्णय घेईल. ज्यांना पुस्तक पाहायचे आहे त्यांनी दुपारच्या सुट्टीत ऑफिसात येऊन वाचावे. कृपया पानांचे फोटो पुढे पाठवू नयेत." ग्रुपवर वाद घालू नका. उत्तराला उत्तर देऊ नका. वाचायला आलेल्या पालकाला खुर्ची आणि पुस्तक द्या.

मुलीच्या वडिलांना एक गोष्ट खरी सांगा. घरी नेण्याच्या पुस्तकांत तुम्ही काळजी घ्याल, पण वाचनाच्या तासाला शेजारच्या मुलाच्या हातातलं पान तिच्या नजरेला पडणारच नाही, असं वचन देता येणार नाही. बहुतेक पालकांना हे पटतं, कारण गावची यात्रा तिनं पाहिलेलीच असते. तिच्या कार्डावरची नोंद तुमच्या टेबलाच्या खणात राहू दे. वर्गात मोठ्यानं "तुला हे पुस्तक नाही" म्हणू नका, तिच्यासाठी आधीच दोन-तीन पुस्तकं काढून ठेवा आणि त्यातलं तिला निवडू द्या. जूनमध्ये ती चौथीत गेली की ती नोंद आपोआप पुढं चालवू नका, वडिलांना परत एकदा विचारा.